सूर्यकांतरावांचं कोरडं तळघर

सूर्यकांतरावांना चिडायला कारण लागत नाही. सापडलं तर उत्तमच. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी नोएडात यमुनेच्या अंगाला घर बांधलं आणि महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत टेबलावर हात आपटून जाहीर केलं, की यंदाचा पाच दिवसांचा गणपती माझ्या तळघरात बसेल. तिकडे हातभर खणलं की पाणी लागतं, असं गुणवंतराव हळूच म्हणाले. झालं! एक थेंब दाखवा, नाव बदलून टाकतो, असं सूर्यकांतराव गरजले. त्यांच्या पत्नी उत्तराबाई मात्र हरखून गेल्या. दिल्लीत जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरी मोदक वळले होते. आता बाप्पा त्यांच्या दारी येणार होते.

ठेकेदार धीरजने वॉटरप्रूफिंग चोख केलं, पण जमिनीत मधोमध एक खड्डा ठेवला आणि त्यात पंप बसवला. खालचं पाणी खड्ड्यात जमायचं, पंप ते बाहेर फेकायचा. हे पाहून सूर्यकांतरावांचं डोकंच फिरलं. पाणी येऊ नये म्हणून एवढा खटाटोप आणि हा गाढव पाण्यालाच दार ठेवतो? पाण्याला वाट नाही दिली तर ते फरशी उचलेल, असं धीरज हिंदीत समजावत राहिला. साहेबांनी त्याला लबाड, बिनडोक म्हणत हाकललं, पंप उपटला, खड्डा सिमेंटने बुजवला, वर टाइल बसवली आणि नेमका तिथेच चौरंग मांडला. मधोमध शोभून दिसतो म्हणाले.

शाडूची मूर्ती बसली, आरती दणक्यात झाली. सूर्यकांतरावांनी गुणवंतरावांना मुद्दाम कोरड्या भिंतींवरून हात फिरवायला लावलं. मग रात्रभर पाऊस कोसळला.

सकाळी उत्तराबाई नैवेद्य घेऊन निघाल्या आणि जिन्यातच थबकल्या. टाइल उखडल्या होत्या, गुडघाभर पाणी साचलं होतं, चौरंग उलटून तरंगत होता आणि बाप्पा कधीच विरघळून गेले होते.

सूर्यकांतराव फोनवर धीरजवर तुटून पडले. तो शेवटी एवढंच म्हणाला, "साहब, वो गड्ढा?"

साहेबांनी फोन ठेवला. मग ते पावसावर चिडले, यमुनेवर चिडले, शाडूवरसुद्धा चिडले. पाच दिवसांचा गणपती दीड दिवसाचा होतोच कसा, म्हणून मंडळींवर खेकसले. गुणवंतराव पँट दुमडून पाण्यात उतरले, निदान अक्षता तरी टाकू म्हणाले. सगळ्यांनी दबक्या आवाजात मोरया म्हटलं. उत्तराबाईंना रडू आवरत नव्हतं. त्यांनी हात जोडले.

"पुढच्या वर्षी लवकर या, बाप्पा," त्या म्हणाल्या. "पण गच्चीवर."