टाऊ सरदाराचा फितवा आणि पावण्याची काखलढाई

शके एकोणीसशे नऊ, प्रभव संवत्सर, वैशाख मास, पावणे मुक्कामी औषधकारखान्यात जे युद्ध जाहले त्याची हकीकत पाहिली तैशी लिहितो. कोणा साहेबास झोंबल्यास लेखणीपाशी इलाज नाही.

मनुष्याच्या मेंदूत पेशी, पेशीत बारीक नळ्यांची परांची, आणि ती काथ्याने बांधावी तैशी बांधून धरणारे प्रथिन, टाऊ नामे सरदार. विस्मरणाच्या रोगात हा सरदार फितूर होतो, नळ्या सोडितो, आपल्यातच गुंता करितो आणि मग परांची ढासळते. प्रयोगशाळेच्या मदतनीस चारुलताबाई या फितव्याच्या शोधावर होत्या, कारण वाशीस घरी त्यांचे तीर्थरूप दिनानाथमास्तर दोन महिने रोज सकाळी त्यांस "आपण कोण?" ऐसे पुसत.

तो खबर आली की मुंबईहून समिती येते. टाऊ नळ्या बांधितो हे डोळ्यांदेखत दाखवावे, नाही तर शोध आजच बंद. येथे प्रयोगशाळेचे सुभेदार, अखंडित आरामलक्ष्मी अलंकृत, राजमान्य राजश्री श्यामसुंदर साहेब यांनी फर्मान काढिले की, प्रथिन नाशिवंत, सबब बर्फाबाहेर काढू नये. वास्तविक या नळ्या थंडीत विरतात आणि अंगाच्या उबेत बांधल्या जातात. बाईंनी तीन वेळा अर्ज केला. जबाब आला की, बाईंनी बर्फ आणावा, मत आणू नये. आणि मग खासे स्वारीच्या एसीस प्लग कमी पडला म्हणोन साहेबांनी प्रथिनास ऊब देण्याच्या ऊनपाण्याच्या टाकीचा प्लग उपटून आपल्याच फौजेची रसद तोडिली. वाहवा रे सेनापती!

बाई रडकुंडीस आल्या. तेव्हा कँटीनच्या येसूबाई, ज्यांचा जन्म खाडीची मासळी विकण्यात गेला, खदखदून हसल्या.

"बर्फात ठेवाला ती काय मासली हाय? काखत धर पोरी! अंगाची ऊब कंदी बंद होत नाय."

मग बाईंनी फर्मान मोडून उजव्या काखेत नळ्यांचे सुटे प्रथिन टाऊसहित भरलेली काचेची कुपी आणि डाव्या काखेत तेच टाऊविना भरलेली कुपी दाबिली आणि अर्धी घटका समितीपुढे कवायतीच्या शिपायाप्रमाणे ताठ उभ्या राहिल्या. कुप्या बाहेर काढिल्या तो डावी पाण्यासारखी स्वच्छ आणि उजवी पेजेसारखी गढूळ.

"नासलं! फेका ते!" साहेब गरजले.

समितीचे प्रमुख सीतारामपंत हसून वदले की, गढूळ जाहले म्हणजेच टाऊने नळ्या बांधिल्या. शोध चालू ठेवावा. आणि पुसिले की, हे कोणी केले?

"आमच्या ह्या... मिस... ह्या..." साहेब अडखळले. तीन वर्षांची चाकरी, आणि नाव आठवेना.

बाई शांतपणे बोलल्या, "माझ्या वडिलांना रोग आहे, सर. तुम्हाला काय झालंय?"

मग दौलतीच्या नोंदवहीत 'चारुलता दिनानाथ' हे नाव बाईंनी स्वहस्ते लिहिले, एसीचा प्लग उपटून टाकीचा लाविला आणि साहेबांच्या देखत पाणी ऊन होऊ लागले. येणेप्रमाणे फत्ते जाहली.