धोंडूआबांचा पावशा

एका जंगलात एक कासव राहत होते. अंडे फोडून ते मातीतून वर आले, तेव्हा पहिला आवाज कानी पडला तो असा : 'पेरते व्हा! पेरते व्हा!' कासवाने मान वर केली. वर नुसती पाने. पक्षी काही दिसला नाही.

बाळांनो, ते कासव आता म्हातारे झाले. सगळे त्यांना धोंडूआबा म्हणत. डोळे अधू होत चालले होते. 'पेरते व्हा' म्हणणारा तो पावशा एकदा तरी नीट पाहावा, एवढीच त्यांची इच्छा.

म्हणून ते पक्षिनिरीक्षक मंडळात गेले. अध्यक्ष होते वानर हुप्पेसाहेब. मंडळाचा नियम साधा होता. पक्षी दिसला की ओरडायचे. जो आधी ओरडेल, त्याच्या डोक्यावर पळसफुलांचा तुरा.

एका सकाळी ऐनाच्या झाडात पावशा बोलू लागला. आवाज चढत चढत गेला.

"दिसला!" हुप्पेसाहेब फांदी गदागदा हलवून ओरडले.

"आधी मला दिसला!" खार किंचाळली.

"कसा होता गं?" आबांनी विचारले.

"आबा, ओरडू की बघत बसू?"

पक्षी केव्हाच उडाला होता. आबांची मान आत्ता कुठे कवचाबाहेर येत होती.

"परत हुकला ना? जरा पाय उचला की!" हुप्पेसाहेब हसले.

"उचलतोय रे बाबा. एक सोडून चार आहेत."

तुरा कोणाचा, यावर भांडत मंडळ पुढे गेले. आबा करवंदीच्या जाळीपाशी मागे राहिले.

आणि तो उडवलेला पक्षी त्याच जाळीवर येऊन बसला. राखाडी पाठ, शेपटीवर पट्टे. शिकारी शिक्राच! आबांनी झटकन मान आत घेतली. मग हळूच बाहेर काढली. चोच काही शिक्र्यासारखी आकडेबाज नव्हती. डोळ्याभोवती पिवळे कडे होते. पक्ष्याने एक केसाळ सुरवंट गिळला, गळा फुगवला आणि म्हणाला, "पेरते व्हा!"

आबांच्या तोंडात ओरडा आला. डोळ्यांपुढे तुरा आला. पण त्यांनी तोंड घट्ट मिटले आणि पाहत राहिले. पावशाही पोट भरेपर्यंत तिथेच बसला.

दुपारी मंडळ परतले. तुरा हुप्पेसाहेबांच्या डोक्यावर डुलत होता.

"काय आबा, मागे राहून काय मिळवलंत?"

आबा गालात हसले आणि तळ्याच्या वाटेने निघून गेले.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी सगळ्यांच्या मागे राहावे. पुढचे जे उडवतात, ते मागच्याजवळ येऊन बसते. मात्र हे कोणाला सांगू नये. सगळेच मागे राहिले, तर उडवायचे कोणी?