सळई काढू नका

"दोन मिनिटांत सापडलं!" नात म्हणाली आणि तिने फोन उशीवर टाकला. आजोबांचा एक पाय चपलेत गेला होता, दुसरा तसाच राहिला.

गावातला जुना पूल कधी बांधला, एवढंच तिला हवं होतं. ती शाळेत असताना असल्या एखाद्या तारखेसाठी दोघं दर शनिवारी ग्रंथालयात जायची, भलतीच चार पुस्तकं चाळून यायची, आणि तारीख बरेचदा राहूनच जायची. आता सोमवारी ती शिकायला परगावी निघणार होती. निदान हा शेवटचा शनिवार तरी मिळेल म्हणून आजोबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"मी खात्री करून येतो," म्हणत ते एकटेच तणतणत निघाले.

ग्रंथालयात आता सगळं संगणकावर. पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचं कपाट कोपऱ्यात पडलेलं, वर पाटी: 'सळई काढू नका.' खणातली कार्डं जिच्यात ओवलेली असतात, ती सळई. पाटीवरचं अक्षर आजोबांचंच. तीस वर्षं ते इथले ग्रंथपाल होते आणि सळईला हात लावणाऱ्यांवर खेकसण्यात त्यांची हयात गेली होती. आज नेमका चष्मा घरी राहिला. पुलाचं कार्ड खिडकीपाशी नेऊन वाचावं म्हणून त्यांनी सळई उपसली, खण कलंडला आणि नऊशे कार्डं फरशीभर झाली.

"अहो सर, तुम्हीसुद्धा?" नव्या ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला आणि घरी फोन केला.

नात धावत आली. "काय हो आजोबा! लागलं नाही ना?"

"लागायला कार्डंच ती! अब्रू गेली तेवढी."

दोघं फरशीवर बसून कार्डं लावू लागली. पुलाच्या आधी पतंग निघाला, मग पाणघोडा. "पाणघोड्यावर अख्खं पुस्तक?" म्हणत ती उठली, ते घेऊन आली आणि तिथेच वाचत बसली. पुलाचं कुणी नावही काढलं नाही. आजोबांना इतकं बरं वाटत होतं, की ते मुद्दाम एकेक कार्ड दोनदा तपासत होते.

तरी संध्याकाळी शेवटचं कार्ड लागलंच. आजोबांनी सळई घातली, खण आत सरकवला. "झालं," ते हळूच म्हणाले. "सोमवारी गाडी किती वाजताची गं?"

नात कपाटापाशीच उभी होती. "उद्या ग्रंथालय उघडं असतं ना?"

"अर्धा दिवस. का?"

"आणि ही सळई अशीच काढतात ना?"

शेजारचा खण धाडकन खाली आला. बाई किंचाळल्या. आजोबांनी सवयीने खेकसायला तोंड उघडलं, पण त्यांना हसूच फुटलं.

"उद्या नवाला निघू," ते कसेबसे म्हणाले. "आणि आठवण कर, चष्मा घरीच ठेवायचाय."