वेर्नाचा गुरुवार

बोलण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाचा आहे आणि तो कोणीही हिरावून घेऊ शकत नाही, असं मिनेसोटातल्या ब्रॅम्बल लेक गावच्या केबल वाहिनीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. हे दार शाळेच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून होतं. त्यामुळे तो अधिकार बजावायला सहसा कोणी फिरकत नसे.

वेर्ना टोलेफ्सरूड मात्र फिरकली. गावातल्या कोणीही यावं, वेळ मागावी आणि कॅमेऱ्यासमोर वाट्टेल ते करावं, असा नियम होता. वेर्नाने गुरुवारी संध्याकाळी सातची वेळ मागितली आणि बटाट्याची लेफ्सा, म्हणजे नॉर्वेजियन पोळी, लाटायला घेतली. पुढे कित्येक वर्षं ती लाटतच होती. वाहिनीने तिला एक टेप दिली होती, एकच. मिनेसोटात कोणी काही वाया घालवत नाही. दर आठवड्याचा कार्यक्रम आधीच्या कार्यक्रमावरच रेकॉर्ड व्हायचा. त्यामुळे फेब्रुवारीत वेर्ना गेली, तेव्हा तिच्या साऱ्या गुरुवारांपैकी फक्त शेवटचा शिल्लक होता.

बर्फ वितळू लागल्यावर तिचा नवरा आर्विड टोपी हातात घेऊन तळघरात उतरला.

"डोरीन, गुरुवारी तिची टेप लावत जा."

डोरीन फेफर एकटीच ती वाहिनी सांभाळायची. तिने मान हलवली. "वेळ गावात राहणाऱ्यालाच मिळते रे."

"गावातच आहे ती. चर्चच्या मागे."

"जिवंत माणसाला, असं लिहिलंय."

"मग टेप दे."

"ती वाहिनीची. आणि केवढी जाड आहे बघ, तुझ्या घरच्या यंत्रात जायची नाही."

"कॉपी करून दे."

"कॉपीला कार्यक्रम करणाऱ्याची सही लागते."

"ती गेली, डोरीन."

"म्हणून तर अडलंय ना!"

आर्विडने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "घरात कसला आवाजच नाही गं," तो म्हणाला. टोलेफ्सरूड घराण्यात याला आक्रोश समजतात.

डोरीनला पाझर फुटला. आर्विड स्वतः जिवंत होता, निदान नियमापुरता तरी. त्याने आपल्या नावावर वेळ मागावी आणि त्या वेळेत हवं ते दाखवावं, अशी वाट तिने काढली. पण सातची वेळ त्याच दिवशी सकाळी लाइल बाक्के मागून गेला होता.

"दर हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी माझी रस्त्याकडेची टपालपेटी आडवी करते," लाइलने डोरीनला फोनवर सांगितलं. "गावाला कळायला नको?"

"बुधवार घे ना. अख्खा रिकामा आहे."

"बुधवारी कोण बघतंय? गुरुवारी सातला घरोघरी टीव्ही लागलेले असतात."

"ते वेर्नासाठी लागायचे, लाइल."

"लागायचे ना? तेच म्हणतोय मी."

एका वेळेवर दोघांचा दावा आला, की जाहीर सभा घ्यायची आणि तिचं रेकॉर्डिंग करायचं, असाही नियम होता. सभेला बरंच गाव लोटलं, कारण कॉफी आणि केक फुकट होता. वाहिनीच्या समितीचे अध्यक्ष ग्लेन हास एरवी माशांचे गळ आणि गांडुळं विकायचे. वेर्नाचा कार्यक्रम थोडासा पाहूनच निर्णय घेऊ, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून डोरीनने ती टेप यंत्रात घालून, अगदी सुरुवातीला आणून तयार ठेवली.

ग्लेननी हातोडा आपटला. "डोरीन, रेकॉर्डिंग चालू आहे ना? नाहीतर सभा धरली जात नाही."

"हो हो, चालू," म्हणत डोरीनने घाईघाईने लाल बटण दाबलं.

लाइल अर्धा तास बोलला. पडलेल्या पेटीचे फोटो त्याने कॅमेऱ्यासमोर एकेक करून धरले. मग आर्विड उठला. "मला तिला बघायचंय," तो म्हणाला आणि बसला.

लाइलच पुन्हा उभा राहिला. "माझी आई गेली, तेव्हा वेर्ना महिनाभर जेवण आणून देत होती. टपालपेटीत ठेवून जायची, म्हणजे दार उघडून मला कोणाशी बोलायला लागू नये." त्याने फोटो खिशात घातले. "घे बाबा तुझा गुरुवार."

ठराव एकमताने झाला. बायकांनी डोळे पुसले, ग्लेननी नाक शिंकरलं. "चला, आता बघू या तिला," ते म्हणाले.

डोरीनने सवयीने टेप मागे नेऊन सुरू केली. पडद्यावर ग्लेन हास दिसले. त्यांनी हातोडा आपटला आणि विचारलं, "डोरीन, रेकॉर्डिंग चालू आहे ना?"

"हो हो, चालू," पडद्याबाहेरून डोरीनचा आवाज आला.

डोरीनने कपाट उघडून बघितलं. "कोरी टेप कपाटातच राहिली, आर्विड. कपाटातच..."

आर्विड पडद्याकडे बघत होता. "चांगलं आलंय," तो म्हणाला. त्या भागातली माणसं आपलं घर जळलं तरी आधी समोरच्याची समजूत घालतात. "आवाज स्वच्छ आहे. पुढे ने जरा."

सभा टेपपेक्षा थोडी आधी संपली होती. अगदी शेवटी ग्लेनचा चेहरा थरथरला, पडद्यावर रेघा आल्या आणि पिठाचे हात पुसत वेर्ना उभी राहिली. "झालं," ती म्हणाली. "आता शेगडी बंद करा. आर्विड, तू पण." मग पडदा निळा झाला.

तेव्हापासून दर गुरुवारी सात वाजता ही सभा दाखवली जाते. नुसता शेवट ठेवायचा, तर सभेत बोललेल्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि लाइल सही देत नाही. त्याचे फोटो फार छान आलेत. ते आता गावाला पाठ आहेत. पुढच्या हिवाळ्यात गाडीने पेटी पुन्हा आडवी केली.

आर्विड कोणीतरी आणून दिलेलं गार जेवण मांडीवर घेऊन पूर्ण सभा बघतो. शेवट झाला की उठून स्वयंपाकघरात जातो आणि बघून येतो. शेगडी बंदच असते. त्या फेब्रुवारीपासून ती कोणी पेटवलेलीच नाही.