केशोरावांचा नवा मेंदू

केशोराव नागपूरच्या दहा दिवसांच्या ध्यान शिबिरातून मेंदू बदलून आले होते. निदान त्यांचं तसं ठाम मत होतं.

"पुष्पा, श्वासाकडे ध्यान देलं का मेंदूची घडणच बदलते. डॉक्टरनं सांगतलं तिथं. आता मी काहीच भुलत नाही."

"पयलेचा मेंदू तरी कोणाले दिसला होता?" पुष्पाबाई म्हणाल्या. एकदा नवऱ्यानं त्यांना दरेकशाच्या स्टेशनवर विसरून एकट्यानं घर गाठलं होतं. असली गोष्ट बायको मेली तरी विसरत नाही.

आज मात्र इलाज नव्हता. लेकीला, स्नेहलला पाहायला पाहुणे यायचे होते. चार स्थळं तिनंच नाकारलेली, त्यामुळे पाचव्यासाठी पुष्पाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी केशोरावांना जीप देऊन कोहमाऱ्याच्या बस स्टॉपवर धाडलं. "खोब्रागडे नाव आहे. इचारजा बरं."

केशोराव स्टॉपवर उभे राहून श्वास पाहू लागले. आत, बाहेर. बस आली. इस्त्रीच्या कपड्यांतली चार माणसं उतरली.

"पोरगी पाहाले आलो. घेवाले तुमीच आले का?"

केशोरावांनी मंद हसून मान हलवली. नाव विचारायचं तर श्वास तुटला असता.

घरी पोहे झाले, चहा झाला, स्नेहलला प्रश्न विचारून झाले. तेवढ्यात पुष्पाबाईंचा मोबाइल वाजला.

"आमी खोब्रागडे. घंटाभरापासून कोहमाऱ्याले उभे आहो."

पुष्पाबाईंनी पाहुण्यांकडे पाहिलं. "मंग तुमी कोण?"

"आमी मेश्राम. हे मनिरामभाऊचं घर नाही का?"

पुष्पाबाईंनी नवऱ्याला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. मागोमाग स्नेहलही आली. पुष्पाबाई नवऱ्यावर खेकसल्या, "एवढं ध्यान देऊन राहिले होते, तं पाहिलं काय तुमी?"

"पोराचा श्वास," केशोराव शांतपणे म्हणाले. "पोह्यात खडा आला त्याच्या दाताखाली. चूपचाप गिळला त्यानं. श्वास जराही हलला नाही."

स्नेहल लाजली. पोहे तिनं केले होते. "आई," ती हळूच म्हणाली, "हेच राहू दे ना."

पोरगी हो म्हणाली याचा आनंद करावा की कपाळ बडवावं, पुष्पाबाईंना कळेना. फोन पुन्हा वाजू लागला.

"आता त्या खोब्रागड्याइले काय सांगू?"

केशोरावांनी डोळे मिटले.

"त्याइले म्हण, तवरिक श्वासाकडे ध्यान द्या."