तीन मेहुणे आणि दारात अडकलेलं कपाट

धप्प! बऱ्याच वर्षांपूर्वी बाइंडिंगच्या कारखान्यात पुठ्ठे कापताना वरच्या मजल्यावरून बाइंडरला हा आवाज ऐकू आला होता. वर आयकिडो या जपानी युद्धकलेचा वर्ग चालायचा. माणसं आपटायची आणि हसत उठायची. त्याला ते इतकं आवडलं, की रविवारी तोही आपटून घ्यायला जाऊ लागला. (बायको विचारी, घरी काय कमी पडतं?) मास्तर सांगत, एकाहून जास्त जण अंगावर आले तर मधे सापडायचं नाही, सरकत सरकत त्यांना एका रांगेत आणायचं, आणि जो जिकडे निघालाय तिकडेच त्याला आणखी जोरात पाठवायचं.

सासूबाईंचं लाकडी कपाट बायकोकडे आलं होतं. आईच्या कपड्यांचा वास येतो म्हणून ती कधीमधी नुसतंच दार उघडून उभी राहायची. आता थोरल्या मेहुण्याला नव्या घरात ते हवं झालं. तिघे भाऊ आले. बहीण रडली, तिने विनवलं. पण त्यांनी कपाट ढकलत घरातल्या बोळातून बाहेरच्या दारापर्यंत नेलंच. तिथे मात्र ते असं अडकलं, की घाम निघाला तरी हलेना. शेवटी मधला म्हणाला, राहू दे ताईकडेच. थोरल्यानेही मान हलवली. बायकोने डोळे पुसून चहा टाकला.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "भावजी, एवढी वर्षं आपटून घेता, आज नुसतेच उभे?"

बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपाटाला पाठ लावून तो गरजला, "आईच्या आजारपणात तुमच्यातला एकजणही फिरकला नाही, आणि आता बहिणीचं घर लुटता? या, बघतोच."

थोरला भडकून धावला, मागोमाग दोघे. बोळ अरुंद, रांग आपोआप झाली. बाइंडरने मनगट धरलं, गिरकी घेतली. धप्प! थोरला कपाटावर, कपाट वीतभर पुढे. मधला आपटला, आणखी वीतभर. धाकटा अंगाने चांगला भरलेला. तो आदळला तसं कपाट दारातून सुटलं आणि ओरखडाही न उठता जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं.

धाकट्याने कोपर चोळलं. "भावजी, जिन्यातही येता का?"

तिघांनी कपाट उचललं आणि नेलं.

चहाचा ट्रे घेऊन बायको बोळात आली होती. धापा टाकत बाइंडर म्हणाला, "बघितलंस? तिघे होते, पण मधे सापडलो नाही."

तिने मोकळ्या दाराकडे पाहिलं, ट्रे त्याच्या हातात दिला आणि आत निघून गेली.