तेहतीस अनारसे आणि जावयाचं केटो

खडू आणि फळा हातात असला की मला सुटत नाही असं एकही गणित जगात नाही! उदगीरच्या शाळेतून निवृत्त झालो, तरी गल्लीतली पोरं ओट्यावर जमवून शिकवायची माझी हौस सुटलेली नाही. म्हणून धोंड्याच्या महिन्यात नांदेडहून आमच्या लेकीचा, शरणम्माचा, रडवेला फोन आला, तेव्हा मी चक्क हसलो.

"आप्पा, हे केटो करून राहिलेत! भात न्हाई, भाकर न्हाई, गोड तर बिलकुल न्हाई. धोंड्याला येतच न्हाई म्हणतात. सासूबाई काय म्हणतील?"

"घेऊन ये त्यांना. हिशोब मी बसवतो!"

जावई मन्मथराव आले. अंग कापडाच्या गठ्ठ्यासारखं, चेहरा मात्र उपाशी साधूचा! माझ्या बायकोनं, गौरम्मानं, रीतीप्रमाणे तेहतीस अनारशांचं वाण दिलं. जावयाचं वाण जावयानंच संपवायचं. परत करायचं नाही, वाटायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा.

मी फळा पुढे ओढला. "पोरांनो, जावईबापूंना दिवसाला अठराशे उष्मांक. सत्तर टक्के स्निग्धांशातून, पंचवीस प्रथिनांतून, पाच कर्बोदकांतून. एक ग्रॅम स्निग्धांश नऊ उष्मांक देतो, बाकी दोघं चार-चार. मग कर्बोदकं किती ग्रॅम?"

"साडेबावीस, गुरुजी!"

"शाब्बास! एका अनारशात साधारण वीस. म्हणजे रोज एक अनारसा, बाकी तूप, पनीर. वाणाचा मान राहिला, केटोही राहिलं!"

मन्मथराव गहिवरले. "मामा, म्हणजे तेहतीस दिवस राहा म्हणता? एवढा जीव कुणी लावत न्हाई! घरी नेले तर आई एका बैठकीत खाऊ घालंल. हितंच बरं!"

माझ्या हातातला खडू पडला.

त्यात तो दुष्काळी उन्हाळा! नळ पंधरा दिवसांनी, टँकर त्याच्या मर्जीनं. आणि केटोवाल्याला पाणी लागतं भरपूर. मन्मथरावांनी तांब्या उचलला की आमचा रांजण कण्हायचा. लांबच्या बोअरवरून कळश्या आणायचं काम माझ्याकडं.

तूप मोजून वाढ म्हटलं, तर गौरम्मा कडाडली, "जावयाच्या पानात तोलून तूप? मी काय अडतीवर बसले?" आणि धार सोडली ती सोडलीच!

चार दिवसांनी मात्र तीच चुलीपाशी कुजबुजली, "अवो, एक वेळ उदगीर जिल्हा होईल, पण जावई जायचे न्हाईत! काढा कायतरी हिशोब!"

जावयाला 'जा' कसं म्हणणार? वाण लवकर संपावं, म्हणून मी पुन्हा फळा मांडला. चाललं की उष्मांक जळतात! किल्ल्यापर्यंत जाऊन या आणि दुसरा अनारसा मिळवा. मन्मथराव खुशीत गेले, घामानं निथळत परतले.

"मामा, आंघोळीला दोन बादल्या काढा!"

रांजणाचा तळ दिसला.

शेवटी, उतरलेलं वजन पाहून तरी गडी खूश होऊन निघेल, म्हणून त्यांना चंद्रप्पाच्या अडतीवर नेलं. आल्या दिवशी याच तुरीच्या काट्यावर आम्ही दोघं हौसेनं चढलो होतो. मन्मथराव चढले. काटा तेव्हा होता तिथंच!

चंद्रप्पा म्हणाला, "गुरुजी, तुमी चढा बरं. लई वाळलात."

मी चढलो. चार किलो कमी!

मन्मथराव डोळे फाडून म्हणाले, "मामा, तुम्ही कोणतं डायट करून राहिलात?"

"पाणी भरायचं."

ते तडक घरी आले. 'चुलीत गेलं केटो!' म्हणत वाणाचं ताट मांडीवर घेतलं आणि उरलेले सगळे अनारसे एका बैठकीत फस्त केले! वाण संपलं, शरणम्मानं हसत बॅग भरली, गौरम्मानं देवापुढं हात जोडले.

मन्मथरावांनी भलामोठा ढेकर दिला. "मामी, अनारसे लई झकास! पण घसा कोरडा पडला बघा."

गौरम्मानं माझ्याकडं पाहिलं. मी निमूट कळशी उचलली. अजून अर्धा किलो, दुसरं काय!